तिसरा रकाना

क्रिकेटच्या स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला जागा नसते. कॉलेजात असताना मी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची बुकं लिहायचो. संघात घेण्याइतका खेळ नव्हता, अक्षर मात्र बरं होतं, म्हणून तंबूतल्या टेबलापाशी माझी नेमणूक झालेली. निर्धाव चेंडूला टिंब, कोण कसा बाद झाला, झेल कुणी घेतला, बाय किती, लेगबाय किती, सगळं त्या चौकटींत बसायचं. पण स्लिपमधल्या एखाद्यानं तळहातात येऊन पडलेला झेल टाकला, तर बुकात पडायचं एक टिंब. मैदानात त्याला शिव्या, तंबूत सुस्कारे, कागदावर मात्र इतर टिंबांसारखंच एक टिंब. महिन्याभरानं ते पान उघडणाऱ्याला काही कळायची सोय नाही.

पुढे नोकरीमुळे बॉस्टनला आलो आणि फेनवे पार्कमध्ये बेसबॉल बघायला लागलो. तिथे डाव्या बाजूला ती प्रसिद्ध उंच हिरवी भिंत आहे आणि तिच्या पायथ्याशी एक जुना धावफलक, ज्याच्यावरचे आकडे आजही भिंतीच्या आत बसलेली माणसं हातानं बदलतात. एकेका डावाचा एकेक रकाना (सामना नऊ डावांचा), आणि शेवटी तीन: आर, एच, ई. धावा, हिट म्हणजे यशस्वी फटके, आणि चुका. चुकांचा स्वतंत्र रकाना, सगळ्या मैदानाला दिसेल असा. एखाद्यानं सोपा चेंडू सोडला की मिनिटाभरात तिथला शून्य काढून एक लागतो. स्कोअरर म्हणून वाढलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल, तर थोडी भीती वाटली.

गंमत अशी की, हे सगळं टिपून ठेवायची पद्धत ज्यानं रुळवली तो क्रिकेटवालाच. हेन्री चॅडविक, जन्म इंग्लंडमधल्या एक्झेटरचा. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत तो आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेसबॉलकडे वळला. सामना एका चौकोनी तक्त्यात मावायला हवा, हा त्याचा ध्यास. त्या काळी क्षेत्ररक्षक हातमोज्यांशिवाय, उघड्या हातांनी खेळत. सामने चुकांवरच ठरत. त्यामुळे चुका मोजणं त्याला न्यायाचं वाटलं असणार. चांगलं खेळणाऱ्याला श्रेय मिळतं, तर मग वाईट खेळणाऱ्याला हिशेबातून सूट का?

या रकान्यानं एका माणसाचं पुढचं अख्खं आयुष्य खाल्लं. त्याचं नाव फ्रेड स्नॉडग्रास, न्यूयॉर्क जायंट्सचा सेंटर फिल्डर, म्हणजे बाहेरच्या मैदानात मधोमध उभा राहणारा. दिवस १६ ऑक्टोबर १९१२. मैदान हेच, फेनवे पार्क.

मैदान तेव्हा कोरं होतं. त्याच वर्षी २० एप्रिलला तिथे पहिला अधिकृत सामना झाला. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते, त्यामुळे नव्या मैदानाच्या बातमीला वर्तमानपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. तेव्हा डावीकडे आजची भिंत नव्हती. लाकडी भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी चांगला दहा फुटी चढ. लेफ्ट फिल्डर डफी लुईस पळत पळत तो चढ चढून झेल घ्यायचा, म्हणून लोक त्या चढालाच डफीचा कडा म्हणायला लागले. सेंटरला ट्रिस स्पीकर, राइटला हॅरी हूपर. बॉस्टन रेड सॉक्सचे हे तिघे बाहेरचं मैदान सांभाळायला उभे राहिले की चेंडू जमिनीवर पडायला जागा उरत नाही, असं तेव्हाचे लोक म्हणत. पिचर, म्हणजे गोलंदाज, होता स्मोकी जो वुड, वय २२. त्या हंगामात त्यानं ३४ सामने जिंकले आणि फक्त ५ हरले. आजच्या बेसबॉलमध्ये हंगामात २० जिंकणारा पिचर सापडला तरी कौतुक होतं.

समोर न्यूयॉर्क जायंट्स. व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ, बुटका, तोंडाळ, पंचांशी भांडण्यात हयात घालवलेला. आणि त्याचा लाडका पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन, स्वभावानं बरोब्बर उलटा. कॉलेजात शिकलेला, उंच, देखणा, रविवारी न खेळणारा. बेसबॉल हा दारूच्या गुत्त्यातल्या लोकांचा खेळ अशी ज्या घरांत समजूत होती, त्या घरांतही मॅथ्यूसनचं नाव आदरानं घेत. वय ३२. त्याचा चेंडू पूर्वीइतका वेगवान राहिला नव्हता, पण नेम असा की त्या हंगामात ३१० डावांत त्यानं फक्त ३४ फलंदाजांना फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, जाऊ दिलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या जगज्जेतेपदाची मालिका, सात सामन्यांची. चार जिंकेल तो विजेता. पण या वर्षी आठवा सामना खेळावा लागला, कारण दुसरा सामना अकरा डाव होऊन ६-६ बरोबरीत असताना अंधार पडला. मैदानात दिवे नाहीत, पंचांनी खेळ थांबवला. त्या सामन्यात मॅथ्यूसन चांगला खेळला होता, पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी पाच चुका केल्या. तिसऱ्या सामन्याचा शेवटही असाच काळोखात झाला. न्यूयॉर्क एका धावेनं पुढे, बॉस्टनचे दोघे बेसवर, दोघे बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो), आणि एक उंच फटका उजवीकडे गेला. जायंट्सचा जॉश डेव्होर त्याच्या मागे धावला, चेंडू पकडला आणि तसाच धावत आपल्या खोलीकडे निघून गेला. धुकं इतकं की, स्टँडमधल्या पुष्कळ लोकांना झेल दिसलाच नाही. आपण जिंकलो असं समजून ती मंडळी घरी गेली आणि खरा निकाल त्यांना नंतर कळला. या डेव्होरला विसरू नका.

सहावा सामना न्यूयॉर्कनं घेतला. सातव्याच्या दिवशी बॉस्टनमध्ये एक वेगळंच नाट्य झालं. रेड सॉक्सच्या निष्ठावंत पाठीराख्यांची एक टोळी होती, रॉयल रूटर्स. बँड घेऊन, गाणी म्हणत, मैदानात मिरवत यायची. शहराचा महापौर जॉन फिट्झजेराल्डच त्यांचा म्होरक्या. हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा आजोबा. त्या दिवशी रूटर्स वाजतगाजत आले तर त्यांच्या नेहमीच्या जागा क्लबनं भलत्यांना विकलेल्या. ते मैदानातून हटेनात. शेवटी घोडेस्वार पोलिसांनी त्यांना रेटत बाहेर काढलं. तेवढ्या वेळात हात गरम करून उभ्या असलेल्या जो वुडचा हात गार पडला, आणि पहिल्याच डावात न्यूयॉर्कनं त्याच्यावर सहा धावा केल्या. ११-४ नं सामना गेला. मालिका ३-३.

रूटर्सनी दुसऱ्या दिवशी बहिष्कार टाकला. निर्णायक सामना, जगज्जेतेपद पणाला, स्वतःचं शहर, आणि मैदानात माणसं १७,०३४. आदल्या दिवशी ३२ हजारांहून जास्त होती. घरच्या रुसव्याचा असा आकडा क्वचितच कागदावर येतो. पण मैदानात जेवढे होते त्याच्या कित्येक पट लोक बाहेर रस्त्यांवर होते. बॉस्टनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर तोबा गर्दी. तारयंत्रावरून एकेका चेंडूची बातमी यायची आणि कचेरीवर लावलेल्या मोठ्या फळ्यावर ती उमटायची. रेडिओवरून सामना ऐकू यायला अजून नऊ वर्षं होती. हजारो माणसं माना वर करून एका फळीकडे बघत सामना जगत होती. त्यांच्यासाठी सामना म्हणजे हिशेबच होता, दुसरं काही नव्हतंच. कुणाचा चेहरा नाही, कुणाची धाव नाही. फळीवर उमटेल तेच घडलं.

मॅथ्यूसन विरुद्ध ह्यू बेडिएंट. बेडिएंट पहिल्याच हंगामातला पोरगा, पण चारच दिवसांपूर्वी त्यानं मॅथ्यूसनला २-१ नं हरवलं होतं. तिसऱ्या डावात जायंट्सनी एक धाव काढली. पाचव्यात लॅरी डॉइलनं उजवीकडे असा फटका मारला की तो सरळ प्रेक्षकांत जायचा. हॅरी हूपर पाठमोरा धावला, कमरेइतक्या कुंपणापाशी वळला, चेंडू उघड्या हातात घेतला आणि लोकांच्या अंगावर कोसळला. जायंट्सनी तक्रार केली की हा मैदानाबाहेर पडला, हा झेलच नव्हे. पंचांनी डॉइलला बाद ठरवलं. ते पाहिलेल्यांपैकी कित्येकांनी मरेपर्यंत सांगितलं की, असा झेल पुन्हा बघितला नाही.

सातव्यात बॉस्टननं बेडिएंटच्या जागी ओलाफ हेन्रिक्सनला फलंदाजीला पाठवलं. डेन्मार्कमध्ये जन्मलेला, बहुतेक वेळ बाकावर बसणारा गडी. त्याचा फटका तिसऱ्या बेसच्या पिशवीला लागून उसळला आणि रेषेवरून डावीकडे पळाला. १-१. पिशवीला चार बोटं इकडे-तिकडे लागता तर मॅथ्यूसन नऊ डावांत जिंकून घरी गेला असता आणि मला हा लेख लिहायला विषय नसता.

बेडिएंटच्या जागी जो वुड आला. आदल्या दिवशी पहिल्याच डावात मार खाल्लेला तोच. सामना दहाव्या डावात गेला.

इथे मला फ्रेड मर्कलबद्दल बोलायला हवं, कारण तो दहाव्या डावात आपलं नशीब धुऊन काढणार होता, आणि ते त्याला जवळपास जमलंही. मर्कल जायंट्सचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. चार वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १९०८ ला, तो १९ वर्षांचा असताना शिकागोविरुद्ध एक भानगड झाली. शेवटच्या डावात जायंट्सनी विजयी धाव काढली, लोक मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरून निघालेला मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच आपल्या खोलीकडे वळला. तेव्हा सगळेच असं करायचे. पण पुढच्या बेसला पाय लावायलाच हवा असा नियम होता, आणि शिकागोच्या जॉनी एव्हर्सनं तो पंचांना दाखवून दिला. मर्कल बाद, धाव रद्द, सामना बरोबरीत. हंगामाअखेर दोन्ही संघ समान आले, तो सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला गेला, आणि मॅथ्यूसन पिचर असूनही जायंट्स ४-२ नं हरले. तेव्हापासून मर्कलच्या नावापुढे ‘बोनहेड’ चिकटलं. डोक्यात हाडच असलेला. तो खरं तर संघातल्या शहाण्या डोक्यांपैकी एक होता, आणि मॅकग्रॉ त्याचा सल्ला घ्यायचा. पण ते कोण ऐकणार?

तर दहावा डाव. एक बाद असताना रेड मरे दुसऱ्या बेसवर पोहोचला. फलंदाजीला मर्कल. त्यानं वुडचा चेंडू मध्यभागी मारला, ट्रिस स्पीकरच्या हातून तो नीट उचलला गेला नाही, मरे घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला आणि धाव झाली. न्यूयॉर्क २-१ नं पुढे. २-२ व्हायला बॉस्टनला आता एक हवी होती, न्यूयॉर्कला हवे होते फक्त तीन बळी. पिचर मॅथ्यूसन. टाइम्स स्क्वेअरमधल्या त्या गर्दीनं १९०८ विसरून मर्कलचं नाव घेतलं असेल. वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा मर्कल. दहा-पंधरा मिनिटं ही गोष्ट खरी होती.

डाव संपता संपता जायंट्सचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा, चीफ मेयर्सचा एक तडाखा थेट वुडच्या अंगावर आला. त्यानं हातानं अडवून मेयर्सला बाद केलं, पण हात दुखावला. वुड फलंदाजीही चांगली करायचा. हात धड असता तर बॉस्टनकडून पहिला तोच आला असता. त्याऐवजी क्लाइड एंगल आला.

एंगलनं चेंडू उंच मारला. सेंटर आणि लेफ्टच्या मध्ये, सावकाश, निवांत खाली येणारा. तिसरीतल्या पोरानं घ्यावा असा. स्नॉडग्रासनं हाक देऊन झेल मागितला, दोन पावलं सरकला, चेंडू हातमोज्यात पडला आणि बाहेर आला. कारण विचाराल तर काही नाही. ऊन डोळ्यांत नव्हतं, पाय घसरला नाही. हातमोजे तेव्हा आजच्यासारखे खोलगट नसत, नुसती जाडसर चामडी पंजाएवढी, पण असे झेल त्यानं हजारदा घेतले होते. त्यानं स्वतः कधी सबब सांगितली नाही. सुटला म्हणजे सुटला. एंगल दुसऱ्या बेसवर.

तीन दिवसांनी स्नॉडग्रासचा पंचविसावा वाढदिवस होता.

पुढच्याच फलंदाजाचं मात्र मला जास्त वाटतं. हॅरी हूपर आला. एंगलला पुढे सरकवायला तो चेंडू हळूच ढकलणार, म्हणून क्षेत्ररक्षक पुढे आले होते. हूपरनं सणसणीत हाणला, डावीकडे, स्नॉडग्रासच्या डोक्यावरून. आणि स्नॉडग्रास, ज्याच्या हातून मिनिटापूर्वी लोण्याचा गोळा निसटला होता, तो पाठमोरा धावला आणि तो झेल घेतला. वर पुन्हा दुसऱ्या बेसकडे अशी फेक केली की एंगल जेमतेम परतला. बहुतेक माणसं पहिल्या चुकीनंतर पुढच्या चेंडूला पाय उचलत नाहीत. मैदानात मी अशी कित्येक पाहिली आहेत, झेल सुटल्यावर पुढचं षटकभर कुणाकडेच न बघणारी.

बेसबॉलच्या हिशेबवहीत प्रत्येक जागेला क्रमांक असतो, सेंटर फिल्डरचा आठ. आजच्या पद्धतीनं लिहायचं तर एंगलच्या चौकटीत येईल ‘ई-८’ आणि शेजारी हूपरच्या चौकटीत ‘एफ-८’, म्हणजे आठ क्रमांकाकडे उंच फटका, बाद. दुसऱ्या झेलाची एवढीच नोंद. सामान्य झेलाला जी खूण, तीच या झेलालाही. चुकीला वेगळं अक्षर आहे, पराक्रमाला नाही. माझ्या जुन्या टिंबाचा हा नेमका उलटा प्रकार, आणि दोन्हींत काहीतरी बेइमानी आहे असं मला राहून राहून वाटतं.

एक बाद. स्टीव्ह यर्क्स आला, फलंदाज म्हणून साधारण. मॅथ्यूसननं त्याला चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. ३१० डावांत ३४ वेळा ज्याच्या हातून हे घडलं होतं, त्या माणसानं, या घडीला. याला चूक म्हणत नाहीत. याचा रकाना वेगळा.

मग ट्रिस स्पीकर, त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याचा फटका उंच उडाला तो पहिल्या बेसच्या रेषेबाहेर, अगदी जवळ. फाऊल, पण पकडला तर बाद. मर्कलला सगळ्यात सोपा. चेंडू खाली येत होता आणि मॅथ्यूसन ओरडत होता तो मेयर्सच्या नावानं. मेयर्स कॅचरच्या जागेवरून धावत निघाला, पण लांब होता. मर्कल थबकला. तिघांच्या मधोमध चेंडू टप्पकन जमिनीवर पडला. चुकीच्या माणसाला हाक दिलीस, आता सामना गेला म्हणून समज, असं स्पीकरनं मॅथ्यूसनला तिथेच ऐकवल्याचं सांगतात. पुढच्या फटक्यावर त्यानं चेंडू उजवीकडे मारला. एंगल घरी, २-२. यर्क्स तिसऱ्यावर. डफी लुईसला मुद्दाम फुकट सोडलं, तिन्ही बेस भरले. लॅरी गार्डनरनं उजवीकडे खोल मारला. तिथे जॉश डेव्होर, धुक्यात सामना वाचवणारा तोच. त्यानं झेल घेतला. घेऊन उपयोग नव्हता. झेल होताच यर्क्स तिसऱ्या बेसवरून सुटला आणि डेव्होरची फेक पोहोचायच्या आत घरी आला. ३-२. संपलं.

त्या संध्याकाळचा तिसरा रकाना काय सांगतो? न्यूयॉर्कच्या चुका दोन. बॉस्टनच्या पाच. जिंकणाऱ्यांनी अडीचपट चुका केल्या होत्या. आणि तिघांच्या मध्ये पडलेल्या त्या चेंडूची चूक? कुणाच्याच नावावर नाही. कुणी हात लावला नाही, कुणाचा झेल हेही ठरलं नाही, म्हणून नोंदही नाही.

यावरून माझा आणि शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांचा वाद आहे. ते मैदानात पेन्सिल आणि वही घेऊन बसणारे, जुन्या वळणाचे. माझं म्हणणं, तिथे ‘ई-१’ लागायला हवी होती. एक क्रमांक पिचरचा. हाक मॅथ्यूसननं दिली, चुकीची दिली. शिक्षकांना हे ऐकवत नाही. ‘हाक म्हणजे खेळ नाही,’ ते म्हणतात. ‘हातानं काय केलं ते लिहायचं. डोक्यात काय होतं ते लिहायला लागलो तर वही पुरणार नाही.’ मी म्हटलं, मग मर्कलच्या डोक्यातलं १९०८ मध्ये कसं काय लिहिलं? त्यावर ते हसले आणि मर्कलनं त्या दिवशी दुसऱ्या बेसला पाय लावला नाही ही पायाची गोष्ट आहे, डोक्याची नाही, असं उत्तर दिलं. मास्तरच ते. पण मॅथ्यूसनबद्दल १९१२ मधल्या वर्तमानपत्रांनीही हाच सावधपणा दाखवला, असं माझं मत आहे. पुतळ्यावर डाग कोण पाडणार? काहींनी फाऊलसाठीसुद्धा मर्कललाच धारेवर धरलं. त्या मालिकेत मॅथ्यूसननं तीन पूर्ण सामने टाकले, सहकाऱ्यांच्या चुका वगळून त्याच्या खात्यावर खऱ्या अर्थानं जमा झालेल्या धावा तीन, आणि त्याचे विजय शून्य. त्याची दया यावी असंच सगळं होतं. आणि दया आली की राग दुसऱ्या कुणाकडे तरी वळवावा लागतो.

तो वळला स्नॉडग्रासकडे. ‘तीस हजार डॉलरची चूक’ हे नाव पडलं ते पैशांच्या हिशेबानं. विजेत्या संघाच्या प्रत्येक खेळाडूला मिळाले ४,०२४ डॉलर, हरलेल्यांना २,५६६. फरक सुमारे १,४५८ चा. वीस-एकवीस वाट्यांनी गुणा, तीस हजारांच्या आसपास आकडा जातो. सामान्य कामगाराच्या दोन वर्षांच्या कमाईइतका फरक एकेकाच्या घरात पडला होता, तेव्हा तो आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला यात नवल नाही. स्नॉडग्रासची आई लॉस एंजेलिसमधल्या एका थिएटरात फळ्यावर सामना बघत होती आणि मुलाच्या हातून झेल सुटल्याचं कळताच तिला भोवळ आली, अशीही बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आली. बिचारीला पुढचा झेल फळ्यावर दिसला का, हे बातमीत नाही. मॅकग्रॉनं मात्र त्याच्यावर कधी ठपका ठेवला नाही. उलट पुढच्या हंगामासाठी त्याचा पगार वाढवला. तोंडाळ माणसं कधीकधी अशी निघतात.

पुढचं थोडक्यात. मॅथ्यूसन पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, तिथे विषारी वायूशी संबंध आला, पुढे क्षयानं गाठलं. ७ ऑक्टोबर १९२५ ला तो गेला, त्या दिवशी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होता. जो वुडचा हात पुढच्याच वर्षी बिघडला. तो गडी हार मानणारा नव्हता, बाहेरच्या मैदानात खेळायला शिकला आणि फलंदाज म्हणून १९२० मध्ये क्लीव्हलंडकडून पुन्हा जगज्जेता झाला. मर्कलला ‘बोनहेड’ शेवटपर्यंत सुटलं नाही.

आणि बॉस्टनला स्वतःचा स्नॉडग्रास १९८६ मध्ये मिळाला. वर्ल्ड सिरीजमध्ये रेड सॉक्सच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला. त्या चेंडूआधीच आघाडी हातची गेली होती, सामना बरोबरीत होता, हे सांगितलं तर या शहरात आजही लोक मान हलवतात आणि पुन्हा बकनरवरच येतात. २००८ मध्ये त्याला सन्मानानं फेनवेत बोलावलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. २२ वर्षं लागली.

स्नॉडग्रासला तेवढंही मिळालं नाही. कॅलिफोर्नियात परतून त्यानं ऑक्सनार्डमध्ये व्यवसाय केला, त्या गावाचा महापौर झाला, मग शेतीबागायत बघितली. चांगलं, भरलेलं आयुष्य. ५ एप्रिल १९७४ ला वयाच्या ८६ व्या वर्षी तो वारला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या मथळ्यात नाव, वय आणि १९१२ मधला तो सुटलेला झेल एवढंच होतं. महापौरपद खाली मजकुरात.

त्याच्या दहा-बारा वर्षं आधी एक अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन देशभर हिंडला होता, त्या काळातल्या खेळाडूंच्या आठवणी गोळा करत. स्नॉडग्रास त्याच्याशी बोलला, वुड बोलला, मेयर्स बोलला. हॅरी हूपरही बोलला, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेला. डॉइलचा फटका पकडून प्रेक्षकांत पडलेल्या या माणसाला झेलांमधलं कळत होतं, असं म्हणायला हरकत नाही. दहाव्या डावातल्या आपल्या फटक्याबद्दल त्यानं सांगितलं की चेंडू बॅटवरून सुटला तेव्हा त्याला तीन बेस पक्के वाटले होते, शंभरांतल्या नव्याण्णव वेळा कुणी त्याच्या जवळपासही पोहोचला नसता, आणि स्नॉडग्रास तिथवर कसा आला हे त्याला अजून कळलेलं नाही. हूपरच्या त्या दिवसाच्या आकड्यांत तो फटका नुसता एक आउट आहे.